अशीच चेष्टा करत राहावी

गणपतीच्या नाटकात मी संवाद विसरलो, ही काही चूक म्हणून सांगण्यासारखी गोष्ट नाही. जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळात संवाद विसरण्याची जुनी परंपरा आहे. मी वकील झालो होतो आणि ऐन उलटतपासणीत साक्षीदाराला काय विचारायचं तेच मला आठवेना. शेवटी साक्षीदारालाच दया आली. तो म्हणाला, "वकीलसाहेब, मी तेव्हा कुठं होतो, हेच विचारायचं आहे ना तुम्हाला?" मी म्हटलं, "हो." लोक पोट धरून हसले, पडदा पडला, मी घरी येऊन वरणभात जेवलो आणि झोपलो.

चूक झाली ती दुसऱ्या दिवशी.

आधी मंडळाच्या ग्रुपबद्दल सांगायला पाहिजे. माझे वडील वर्ध्याकडून इथल्या कारखान्यात नोकरीला आले आणि रांझीच्या क्वार्टरमध्ये राहिले. दाराच्या आत मराठी, दाराबाहेर हिंदी, असा आमचा कारभार. माझा जन्म इथलाच. भाजी मी हिंदीत घेतो, साहेबाशी हिंदीत भांडतो, खरं तर शिंकतोही हिंदीतच. पण मोबाईलवर मंडळाचा ग्रुप निघाला तेव्हा मातृभाषेचं काय होणार, ही चिंता एकट्या मला पडली, आणि ग्रुपवर फक्त मराठीतच लिहायचं, असा नियम मी पुढाकार घेऊन मंजूर करून घेतला. तरुण मंडळी नाराज झाली. त्यांना मराठी समजते, बोलता अर्धी येते, लिहिता पाव. मी म्हटलं, सवयीनं येईल.

त्या नियमाला जागून मंडळाच्या नव्या सचिवानं नाटकाच्या दुसऱ्या दिवशी एक मजकूर टाकला. सचिव म्हणजे तिशीतला पोरगा, शहराच्या जुन्या गढा भागात राहतो, एका विमा कंपनीत कामाला. त्याचे वडील मंडळाचे जुने कार्यकर्ते होते; ते गेल्यावर त्यानं हे काम आपणहून अंगावर घेतलं. त्यानं लिहिलं होतं: "कालच्या नाटकात काकांची चेष्टा फारच प्रशंसनीय. सर्वांनी अशीच चेष्टा करत राहावी, ही नम्र विनंती."

मी ऑफिसात डबा खात होतो. हातातला घास परत डब्यात ठेवला. विसरलो तर विसरलो, पण हा पोरगा चारचौघांत माझी टिंगल करतो आणि वर सगळ्यांना विनंतीही करतो! शेजारच्या टेबलावर एक जुने सहकारी बसतात, पक्के जबलपुरी, हिंदीभाषक. त्यांना मी तावातावानं म्हटलं, "देखिए, वो लड़का ग्रुप पे चेष्टा कर रहा है।"

ते म्हणाले, "तो करने दीजिए न भाई साहब। आजकल करता कौन है?"

इथं तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. माणूस समोर बसून अर्थ सांगत होता. पण कान तापले की त्यांतून काही आत जात नाही. मी आणखी भडकलो आणि ग्रुपवर लिहिलं: "चेष्टा करायला अक्कल लागत नाही. रंगमंचावर उभं राहायला लागते." वाक्य मला इतकं आवडलं की मी ते स्वतःच पुन्हा पुन्हा वाचलं आणि लोणच्याची फोड तोंडात टाकली.

मग ग्रुपनं सचिवाची नम्र विनंती मान्य केली. फक्त चेष्टा माझी नाही, त्याची सुरू झाली. विजय नगरातल्या एका वहिनींनी लिहिलं की आजकालच्या मुलांना मोठ्यांचा मान ठेवणं माहीतच नाही. कोणी विचारलं, मराठी येत नसेल तर सचिव कशाला व्हावं. कोणी नुसते दात काढणारे चेहरे टाकले. पोरानं मधेच लिहिलं, "माझा तसा अर्थ नव्हता." त्यालाही चेहरे आले. आणि मग रांझीचे एक काका, कारखान्यातून रिटायर झालेले, माझ्या वडिलांच्या आणि त्याच्याही वडिलांच्या ओळखीतले, त्यांनी लिहिलं: "तुझा बाप असा नव्हता." त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात एक अंगठा माझा. मी वाचलंही नव्हतं धड. सगळे देत होते, मीही दिला. लग्नात अक्षता टाकतो तसा.

थोड्या वेळानं सचिवानं ग्रुप सोडल्याची ओळ आली. मला वाटलं, जिंकलो.

घरी आलो तर मुलगी जेवणाच्या टेबलावर तिचे कागद पसरून बसलेली. ती मानसशास्त्रात एम.ए. करत होती आणि प्रबंधासाठी तिनं विषय घेतला होता, इंटरनेटवर माणसं एकमेकांवर कशी तुटून पडतात. कोणी विचारलं की मी सांगत असे, "आमची मुलगी शिव्यांचा अभ्यास करते." ती चिडायची. तिला शिव्या नकोच होत्या. तिचं म्हणणं असं, "अनोळखी माणूस शिवी देते बाबा, ओळखीचा माणूस सल्ला देते. जास्त कोणाचं लागते?" म्हणून तिला ओळखीपाळखीच्या लोकांचे ग्रुप पाहायचे होते: नातलगांचे, कॉलनीतले, मंडळांचे. तिला मार्गदर्शन करणाऱ्या मॅडमना हे पटलं नव्हतं. घरगुती माणसं तुझ्यापुढे खरं बोलणारच नाहीत, असं त्यांचं मत. मुलीनं सांगितलं, बोलतील, आमच्या मंडळातली बोलतील. तेवढ्या एका भरवशावर मॅडमनी विषयाला होकार दिला होता. आणि मंडळाच्या सभेत ही गोष्ट मांडून लोकांना तयार करण्याचं काम कोणी अंगावर घेतलं होतं? सचिवानं. सगळ्या मंडळात तिचा विषय ज्याला समजला, असा तो एकटा.

मी चहा पिता पिता माझ्या विजयाची कथा सांगितली. तिनं फोन मागितला. मेसेज वर सरकवत पहिल्यापासून वाचलं. मग चष्मा काढून मला विचारलं, "बाबा, हिंदीत चेष्टा म्हणजे काय?"

"प्रयत्न," मी म्हटलं, आणि बशी खाली ठेवली.

जन्म गेला माझा या शहरात. रोज सकाळी हिंदी पेपर वाचतो. सरकारची चेष्टा, विरोधकांची चेष्टा, नर्मदा स्वच्छ ठेवण्याची चेष्टा, सगळ्या चेष्टा मला ठाऊक. आणि नेमकी माझ्यावर आली तेव्हा मी पुणेकर झालो!

"त्यानं 'कोशिश' लिहिलं असतं तर?" ती म्हणाली.

"तर मी म्हटलं असतं, मराठीत लिहा."

"म्हणून त्यानं जड शब्द शोधला. जड आहे म्हणजे मराठीच असेल, असं वाटलं असेल त्याला."

बायको आतून पोळी लाटता लाटता म्हणाली, "बाप्पा! शाबासकी दिली त्या पोरानं, आणि तुम्ही त्याला हाकलून दिलं."

वातावरण हलकं करावं म्हणून मी मुलीला म्हटलं, "एक चांगलं झालं बघ. तुझ्या प्रबंधाला घरबसल्या माल मिळाला."

हे बोलायला नको होतं. तिचा आवाज चढला नाही, उलट सावकाश झाला. रागात तिच्या आईचाही होतो. "बाबा, याच्यातलं एक अक्षर मी वापरू शकत नाही. ज्यानं ज्यानं लिहिलं त्याला विचारल्याबिगर तर नाहीच. आणि त्या सचिवदादाला काय तोंडानं विचारू? माझ्याच बापानं सुरू केलं. आता मंडळात माझ्याशी कोण बोलेल?"

सचिवाला तिनं फोन लावला. वाजून बंद झाला. दुसऱ्या दिवशीही तसंच. सभेला थोडेच दिवस राहिले होते, आणि पोरानं अध्यक्षांना कळवलं होतं की दुसरा सचिव पाहा.

मी एक माफीनामा लिहिला. चांगला ऐसपैस. चेष्टा या शब्दाचा संस्कृतातला अर्थ, हिंदीतला, मराठीत तो कसा फिरला, सगळं त्यात आणलं. ग्रुपवर टाकण्याआधी मुलीला दाखवला.

तिनं वाचला आणि म्हणाली, "या माफीत तुम्हीच बरोबर निघून राहिले बाबा."

"शेवटी क्षमस्व लिहिलं आहे ना!"

"आणि टाकून कुठं राहिले? ग्रुपवर. तो तर ग्रुपवर नाहीच. मग माफी कोणाला मागून राहिले? जे हसले त्यांना? ते पुन्हा अंगठे देतील. चला, गढ्याला जाऊ."

"मी?"

"नाही तर काय, संस्कृत जाईल?"

बायकोनं सांबारवड्या तळून डब्यात भरल्या. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि माफी मागायला रिकाम्या हातानं जात नाहीत. स्कूटर मुलीनं चालवली. मी मागे डबा मांडीवर धरून बसलो. गढ्याच्या गल्ल्यांत दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीनं कोणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. आम्ही दरवेळी चढलो. मुलगी म्हणाली, सवय करा, आज आपल्यालाच बाजूला व्हायचं आहे.

दार सचिवाच्या आईनं उघडलं. "या जी," त्या म्हणाल्या, "पण तो बोलेल की नाही सांगता येत नाही." आम्हाला आत बसवून त्या पाणी आणायला गेल्या. पोरगा बाहेर आला, वाकून नमस्कार केला आणि समोर बसून राहिला. नमस्कार केल्यावर माणूस आणखी दूर वाटतो, हे मला त्या दिवशी समजलं.

मी पाठ करून आलो होतो. अर्थातच विसरलो. इथं दया करणारा साक्षीदारही नव्हता. शेवटी जे तोंडात आलं ते बोललो, "चूक माझी आहे. मला काय शिक्षा द्यायची ती दे."

तो गोंधळला. "शिक्षा? मी काय तुम्हाला शिक्षा देणार काका? तुम्हीच तर आम्हाला देऊन राहिले इतक्या दिवसांपासून. मराठीची."

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. पण तो बोलला ते मराठीतही तंतोतंत खरं होतं. मुलगी आधी हसली, मग आतून त्याची आई, मग तो स्वतः, नको नको म्हणत. मीही हसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

हसणं थांबल्यावर तो म्हणाला, "शब्दाचं काही नाही काका. मला त्याच्याबद्दल आता राग नाही. तो मेसेज लिहायला मी अख्खा लंच टाइम लावला होता, म्हणून थोडं वाईट वाटलं, बस. पण ते बाबांचं..." आत आई होती त्या दाराकडे पाहून तो थांबला. मग हळूच म्हणाला, "काका म्हातारे आहेत, बोलून गेले. पण खाली इतके अंगठे काहून? एकानंही असं म्हटलं नाही, की राहू द्या."

माझा अंगठा मांडीखाली लपवल्यासारखा मी बसून होतो. त्याला माहीत होतंच. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, हा त्याचा चांगुलपणा.

मुलगी पुढे सरकली. मला वाटलं आता ती समजूत घालेल, झालं गेलं विसरून जा म्हणेल. ती म्हणाली, "दादा, मला हेच विचारायचं आहे. वाचताना काय झालं, नंतर काय केलं. नाव कुठं येणार नाही. मधेच नको वाटलं तर थांबू. आणि आत्ताच नाही म्हणाल तरी काही नाही, वड्या ठेवून जाऊ."

"तुझे बाबा ऐकतील?"

"बाबांना घराबाहेर काढू."

त्यानं डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं. "माझं तर तू ऐकशील. ज्यांनी अंगठे दिले त्यांना कोण विचारणार?"

"मी."

"ते बोलतील?"

"बोलतील."

"मग आधी त्यांना विचार," तो म्हणाला. "ते बोलले तर मी येतो. ते नाही बोलले तर मी एकटा काहून बोलू? पुन्हा मीच वेगळा पडतो."

परत येताना मी म्हटलं, "ही अट कठीण आहे."

ती म्हणाली, "बरोबर आहे ना पण?"

सभा रविवारी सकाळी झाली. सचिवाची खुर्ची रिकामी. पोहे खाऊन झाल्यावर अध्यक्षांनी मुलीला उभं केलं. तिची मराठी म्हणजे अर्धी नागपूरची, अर्धी हिंदी, मधे मधे कॉलेजची इंग्रजी. मी खाली मान घालून बसलो. माझ्या नियमाचे धिंडवडे माझ्याच घरातून निघत होते. तिनं सरळ सांगितलं की त्या दिवशी ग्रुपवर जे झालं, तशा गोष्टींचा ती अभ्यास करते, ज्यांनी लिहिलं त्यांच्याशी एकेकट्यानं बोलायचं आहे, आणि तिच्या बाबांना ती त्यात धरणार नाही, कारण ते बाबा आहेत.

रांझीचे काका उठले. "म्हणजे आमच्यावर प्रयोग? आम्ही काय उंदीर आहोत?"

"उंदरांना परवानगी विचारत नाहीत काका," ती म्हणाली. "तुम्हाला विचारून राहिली."

हॉलमध्ये हशा पिकला. काका हसले नाहीत, पण बसले.

विजय नगरच्या वहिनी म्हणाल्या, "पण मी तर एकच ओळ लिहिली होती."

"मी तर फक्त चेहरा टाकला होता," मागून कोणी बोललं.

"मी तर फक्त अंगठा."

"आम्ही तर वाचलंही नाही, फक्त पाहिलं."

मुलगी वहीत काही लिहीत नव्हती, नुसती ऐकत होती. सगळे 'फक्त' संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "बस, हेच मला ऐकायचं आहे. सगळ्यांनी थोडं थोडंच केलं. त्याला मात्र एकदम मिळालं. हे कसं होते, ते मला समजत नाही. तुम्ही सांगाल तर समजेल."

तिनं कोणाला चूक म्हटलं नाही, म्हणून कोणाला आपली बाजू मांडायला जागाच उरली नाही. वहिनींनी पहिलं नाव दिलं. मग त्यांच्या शेजारचीनं दिलं, एकटी मागे राहायला नको म्हणून. काकांनी दिलं नाही. ते चहाचा कप घेऊन खिडकीशी उभे राहिले. मी दुरून पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, हे गेले, सगळं गेलं. सगळे जात असताना ते तिच्याजवळ आले आणि म्हणाले, "माझ्या घरी येशील? मी तुझ्याकडे येणार नाही. तुझा बाप मधे मधे बोलते."

ती रांझीला गेली. तिथं काय बोलणं झालं मला माहीत नाही. पण त्यानंतरच्या आठवड्यात काका स्वतः आमच्या फाटकाशी उभे दिसले. आत बोलावलं तर आले नाहीत. "तो पोरगा गढ्यात कोणत्या गल्लीत राहते?" त्यांनी विचारलं. मी खुणा सांगितल्या. ते म्हणाले, "त्याच्या बापासोबत मी सायकलनं कारखान्यात जायचो. पाऊस असो की ऊन. मी त्याला काय बोललो ते तुझ्या पोरीनं मला पुन्हा वाचायला सांगितलं, मोठ्यानं. मला वाचता आलं नाही, बे." आणि ते बसच्या दिशेनं निघून गेले.

सचिव आमच्याकडे आला तो शनिवारी दुपारी. ठरल्याप्रमाणे मला घराबाहेर काढण्यात आलं. लक्ष ठेवायला बायको सोबत होती. आम्ही कॉलनीच्या बागेत बाकावर बसलो. बायकोनं वाटाणे सोलायला आणले होते. मी दर थोड्या वेळानं उठून आमच्या खिडकीकडे पाहत होतो आणि ती दर थोड्या वेळानं "बसा" म्हणत होती. पडदा ओढलेला होता. माझ्याच घरात माझ्याबद्दल बोलणं चाललं आहे आणि मी बाहेर वाटाणे सोलतो आहे, हा अनुभव प्रत्येक घरमालकानं एकदा घ्यावा.

बऱ्याच वेळानं तो बाहेर आला. आमच्याजवळ येऊन बसला, मूठभर वाटाणे घेऊन सोलू लागला. "सचिव राहतो काका," म्हणाला. "पण ग्रुप नको. ज्याला काम असेल तो फोन करेल."

"हिंदीत केला तरी चालेल," मी म्हटलं.

"तुम्ही मराठीतच करा," तो म्हणाला. "मला ऐकायला आवडते."

तो गेल्यावर मी जवळजवळ धावतच घरात शिरलो. मुलगी कागद एका पाकिटात घालून वर चिकटपट्टी लावत होती. चेहऱ्यावर परीक्षा चांगली गेल्यासारखा थकवा. मॅडमना दाखवण्याइतकं तिच्याकडे जमलं होतं, हे न विचारताही दिसत होतं.

"काय म्हणाला?"

"पुष्कळ."

"माझ्याबद्दल?"

"ते सांगता येत नाही बाबा."

"अगं, त्या अंगठ्याबद्दल तरी? एवढंच सांग, माफ केलं की नाही?"

"त्याला विचारा. तो फोन घेते आता तुमचा."

"मी तुझा बाप आहे!"

"म्हणून तर," ती म्हणाली, आणि पाकीट आपल्या कपाटात ठेवून किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली.

मी स्वयंपाकघरात गेलो. बायको वाटाणे धूत होती. मी तक्रार केली की एवढं मोठं केलं, शिकवलं, आणि आज पोरगी स्वतःच्या बापाला एक शब्द सांगत नाही. तिनं पाणी निथळू दिलं, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "अहो, तुम्हाला सांगितलं की संध्याकाळपर्यंत विजय नगरभर होते, आणि मी ऐकलं की रात्री नागपूरला माझ्या बहिणीला कळते. आपल्या घरात पोटात गोष्ट ठेवणारं एक माणूस निघालं आहे. त्याला बिघडवू नका."